दुधाचा पहिला पेला

आबा,

दीड वर्षापूर्वी तुम्ही कौतुकानं अद्वयला बोटावरचं गाईचं दूध चाटवलंत आणि त्याचे ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या पोराला हात लावू नका." त्यानंतर तुम्ही आमच्याकडं अंथुर्ण्याला आला नाहीत.

आज बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला थोडंथोडं वाढवत दूध पाजलं. तीन तास मी त्याच्या ओठांकडं बघत बसले. काहीच झालं नाही. "ॲलर्जी गेली," डॉक्टर म्हणाले. पेला चाटून तो म्हणाला, "आई, आजून." दूध पिणारं माझंच पोर मी देव बघावा तसं बघत राहिले.

माफीची ओळ चारदा लिहून खोडली. म्हणून हे पत्र पाठवत नाही. उद्या त्याला घेऊन तुमच्याकडं कऱ्हाटीला येते.

तुमची लेक,
अबोली