मोहाखालचं गोल आभाळ

१८ फेब्रुवारी १९५५

बाबांची टोपी पुन्हा चित्रात आली. फोटोची तिसरी काच वाया. बाबा या वेळी वीस पावलं मागे जाऊन उभे होते, तरी कडेला टोपी आलीच. या भिंगाला मागची बाजूच नाही. जमिनीवर तोंड वर करून ठेवलं की चारी दिशांना जे काही उभं असेल ते सगळं त्याच्या पोटात जातं — झाडं, वारूळ, बैल, बाबा.

वनखात्याच्या साहेबांनी हे भिंग दिलं तेव्हा म्हणाले होते, याला माशाचा डोळा म्हणतात. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला आख्खं आभाळ एका गोलात दिसतं, तसं. पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या बारा तुकड्यांमध्ये ते ठेवून एकेक चित्र काढायचं. झाडांमधून किती आभाळ मोकळं आहे ते त्यावरून कळतं. जिथं फार मोकळं, जिथं झाडं वाळलेली, तिथं तोड होणार आणि सागाची रोपं लागणार. बाबांचं मूल गावातलं फोटोचं दुकान केवढंसं! सरकारी काम हे पहिलंच.

उपाय एकच. कॅमेऱ्याची लांब तार दाबणाऱ्यानं आडवं पडायचं. बाबांचा गुडघा वाकत नाही. म्हणून मी पडले. वनरक्षक सुकलू पाठ फिरवून उभा राहिला, तर बाबा त्याला म्हणाले, "उभा काऊन राह्यला, तूही दिसशील. झोप." मग तोही पलीकडे पालथा झोपला.

२० फेब्रुवारी

काच धुतली. चित्र आलं. टोपी नाही, सुकलू नाही, मी नाही.

किती वेळ पाहत बसले. विहिरीच्या तळाशी बसून वर पाहावं आणि काठावरून सगळ्या गावानं वाकून आपल्याकडे पाहावं, तशी झाडं वाकली आहेत. बांबू तर बांगडीसारखे वळले आहेत. जंगलात ते सरळच होते, मी पाहिले होते. पण हेही खोटं वाटत नाही. गोल चित्राला वरखाली नाही, कसंही धरलं तरी चालतं. मी ते फिरवत राहिले.

साहेबांनी शंभर घरांची पारदर्शक जाळी दिली आहे. ती चित्रावर ठेवायची आणि आभाळाची घरं मोजायची. मी तीनदा मोजली. बत्तीस, एकतीस, बत्तीस. बत्तीस लिहिलं. एकतीसची रुखरुख आहे.

२३ फेब्रुवारी

एक काच अंगणात वापरली. बाबांना सांगितलेलं नाही.

२४ फेब्रुवारी

सांगितलं. झोप येईना.

झालं असं की आत्या तांदूळ पाखडत होती. भिंग मधे ठेवलं आणि तिला म्हटलं, जरा वाकून बघ. चित्रात सूप ताटाएवढं, आत्याचं नाक पपईएवढं, आणि मागे आख्खं घर एका कौलाएवढं. आत्या म्हणाली, "अशी दिसते का वं मी? आणि हे त्या साहेबाले पाठवशीन त याद राख." बाबा हसले. रागावतील असं वाटलं होतं, हसले. चित्र आत्यानं डाळीच्या डब्यामागे लपवलं आहे. दुपारी ती ते काढून बघत होती.

२६ फेब्रुवारी

पहिल्या सहा तुकड्यांचं पार्सल गेलं.

प्रत्येक चित्रासोबत एक फॉर्म. त्यात तारीख. साहेबांचा हुकूम होता जानेवारी संपायच्या आत सगळी चित्रं काढायची, पार्सल मागून आलं तरी चालेल. पण जानेवारीभर बाबा हिवतापानं अंथरुणावर होते. ते म्हणाले, "कमळे, तीस जानेवारीच घाल. आभाळ तेच, झाडं तीच. काम हातचं जाईल नाई त."

माझं अक्षर चांगलं म्हणून फॉर्म मीच लिहिते. आत्यानं पाटीवर राख पसरून गिरवून घेतलेलं अक्षर. मी शाळेत गेले नाही, जे आलं ते तिच्याकडून आणि बाबांकडून आलं. सहा वेळा तीस जानेवारी लिहिलं. सहाही वेळा सुबक.

३ मार्च

अंधारी नदीवर आंघोळीला गेलो. पाण्याखाली डोळे उघडून वर पाहिलं. मासा काय पाहतो ते मला दिसलं नाही. गढूळ उजेड आणि आत्याचे पाय दिसले. "बुडतेस काय वं, उठ" — आत्या.

८ मार्च

होळी. बाबांचा गुडघा सुजला आहे. उरलेले सहा तुकडे मी, आत्या आणि सुकलू अशा तिघांनी करायचं ठरलं. आत्या रेंगीत, आमच्या छोट्या बैलगाडीत, बसून राहणार. मी जागोजाग आडवी पडणार म्हणून म्हणते, "लोकं म्हणतीन, गुणवंतरावाच्या पोरीले भोवळच येत राह्यते जंगलात."

१४ मार्च

सातवा तुकडा. मधोमध मोहाची चार मोठी झाडं. खालचा पाला जाळून जमीन इतकी लख्ख केलेली की सारवल्यासारखी. फुलं पडत होती. टप, टप. चार-पाच बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. मी त्यांना चित्रापुरतं लांब जायला सांगितलं तर एक म्हातारी म्हणाली, "फुलं थांबतेत काय तुह्या चित्रासाठी?" तिचं नाव बुधरी. शेवटी म्हणाली, "आमी बी झोपतो." आणि खरंच, सगळ्या जणी टोपल्या पोटाशी घेऊन आडव्या झाल्या. तार दाबेपर्यंत हसू दाबत होत्या. एकीच्या पाठीवर फूल पडलं तर सगळ्याच फुटल्या. दुसरी काच लावावी लागली.

उठले तेव्हा पाठभर राख. बुधरीनं झटकली.

इतका छान दिवस कधी गेला नव्हता.

१६ मार्च

सातव्याची घरं मोजली. अठ्ठ्याहत्तर. आजवरची सगळ्यात जास्त. मोहावर एक पान नाही.

फॉर्मवर आणि चित्राच्या कोपऱ्यात तीस जानेवारी लिहिलं.

१९ मार्च

आठवा तुकडा सातव्याला लागूनच. सातव्याच्या चित्राची प्रत बुधरीला दाखवायला नेली होती. तिनं ती हातात फिरवली, अशी, तशी, मग बरोबर बोट ठेवलं. "हे माह्यं झाड. माह्या सासूनं येचलं, आता मी येचतो. ह्या टोकाटोकाले गुच्छे पाह्य, हे मोहाचे." पावसात घरात दुसरं काही नसलं तरी वाळवलेला मोह असतो, म्हणाली.

मग कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवून, "इथी काय लिवलं?"

"तारीख."

"कवाची?"

मला सांगावं लागलं. जानेवारी म्हणजे तिच्या हिशेबानं पूस. "पुसातली."

ती थांबली आणि मोठ्यानं हसली. बाकीच्यांना हाक मारून सांगितलं. "आयका वं, आपला मोहा पुसातच नंगा झाला म्हन्ते!" मग मला म्हणाली, "बाई, पुसात मोहाले पानं राहतेत. पुसात पानं नाईत त ते झाड मेलं समज. हे त आता फुलावर आलं म्हून पानं टाकली त्यानं."

त्यांचं हसू चालूच होतं. साहेबांना हे चित्र काय सांगणार आहे ते मला तेव्हा कळलं. चार वाळलेली झाडं, अठ्ठ्याहत्तर घरं आभाळ.

मी बुधरीला काही बोलले नाही. तिनं जाताना ओंजळभर फुलं दिली. ती घेतली. घ्यायला नको होती.

२० मार्च

बाबांशी बोलले. आधी आत्याला सांगितलं, ती म्हणाली, "मले काऊन सांगतेस, त्याले सांग."

बाबा बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिले. म्हणाले, साहेबाला काय मोहा कळत नाही? मी म्हटलं, कळतो, म्हणूनच. जानेवारीत पानं नसलेला मोहा म्हणजे मेलेलाच. त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "खरी तारीख घातली त विचारतीन, मार्चमधी कोण गेलं होतं? माहा गुडघा त सगळ्याइले माहीत आहे."

"मी गेले होते असं लिहीन."

"आणि पहिले सहा?"

तेच मला विचारायचं होतं, त्यांनीच विचारलं.

"सातव्याचं लिही," बाबा म्हणाले. "आठ ते बाराच्याही तारखा खऱ्या घाल. पण गेलेलं उकरू नोको, कमळे. एकदा चूक झाली म्हणता येते. सहा फॉर्म खोटे म्हटलं त दुकानाची पाटी उतरवा लागन."

त्यांचा आवाज असा मी ऐकलेला नव्हता. मागत होते.

२१ मार्च

पहिल्या सहा काचांची पेटी काढली होती. एकदा पाहून घ्यावं, त्यांत मोहा आहे का. फेब्रुवारीत तिकडे वेचायला कोणी आलेलं नव्हतं, मी कोणाला काही विचारलं नव्हतं, आणि तेव्हा मला कुठलं झाड कुठलं तेही कळत नव्हतं. मी फक्त आभाळ मोजलं.

बाबा दारात आले. म्हणाले, "राहू दे आता."

पेटी बंद केली.

२९ मार्च

बारावा तुकडा झाला. सगळ्यांत सुंदर चित्र. मधोमध एक घार आली आहे, तिळाएवढी. भिंगाचं शेवटचं काम. उद्या ते मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवायचं.

२ एप्रिल

पार्सल गेलं. टीप अशी लिहिली — 'तुकडा ७ चे चित्र १४ मार्च रोजी घेतले आहे, आधी घातलेली तारीख चुकीची. झाडे मोहाची असून जिवंत व फुलावर आहेत. पाने जानेवारीत होती. चित्र मी काढले आहे.' खाली माझं पूर्ण नाव. बाबांनी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. लाख त्यांनीच लावली.

हलकं वाटतं आहे. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

१७ एप्रिल

उत्तर नाही. ऊन फार. आत्या डाळीच्या डब्यामागच्या त्या चित्रात कौलं मोजत बसली होती, एक फुटकं निघालं.

५ मे

सुकलू सांगून गेला, सातव्यातल्या मोहाला नवी तांबूस पालवी आली आहे. बुधरीनं विचारलं म्हणे, "ते झोपनारी बाई कवा येते?"

२४ मे

साहेबांचं पत्र. पाकिटावर माझं नाव. आजवर माझ्या नावानं आलेलं हे पहिलंच. बाबांनी न फोडता हातात दिलं आणि समोर बसले.

टीप फार उपयोगी पडली, सातवा तुकडा तोडीतून वगळला, पुढच्या वर्षीचं काम मीच करावं. मी मोठ्यानं वाचत होते. मग शेवटच्या दोन ओळी मनात वाचल्या. पहिल्या सहा तुकड्यांवर अशी काही टीप नव्हती, त्यामुळे तुकडा चारमधली वाळलेली पाच झाडं ठरल्याप्रमाणे तोडून झाली आहेत.

चौथ्याची काच काढून उजेडाकडे धरली. काचेत आभाळ काळं आणि फांद्या पांढऱ्या दिसतात. टोकाटोकाला बुधरीनं दाखवले तसे गुच्छे आहेत. पाचही झाडांना.