देवीच्या मंडपातले फणस

२८ मे, बुधवार
नर्सरीत दिवसभर गिऱ्हाईक नाही. हायवेने गाड्या भराभर चालल्यात, सगळ्यांना घरी पोचायची घाई. मोबाइल दोनदा भोंग्यासारखा ओरडला : समुद्रात चक्रीवादळ, रविवारी किनाऱ्याला लागणार. किनारा म्हणजे श्रीवर्धनकडे. पोलादपूरला समुद्र नाही हे वादळाला कोण सांगणार? मागच्या वेळी नदीच्या काठाकाठाने सरळ आमच्या दारात आलं होतं.

संध्याकाळी फणसांना पाणी घातलं. सातही ठीक. सासऱ्यांचा कापा फणस गेल्या वर्षी रस्ता रुंद होताना गेला. तोडायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या शेंड्याच्या काड्या काढून आठळीच्या रोपांवर कलमासाठी बांधल्या होत्या. बांधल्या पुष्कळ, जगल्या सात. त्या झाडाचं आता जगात एवढंच उरलंय. मृग लागला की जमिनीत लावायची. हे त्यासाठी रजा काढून येणार आहेत.

झाड पडलं त्या दिवशी हे थांबले नाहीत. सकाळच्या एसटीनेच मुंबईला गेले. आजवर त्यावर एक शब्द बोललेले नाहीत. म्हणून ही सात जगायलाच हवीत.

२९ मे, गुरुवार
ह्यांचा फोन. मुंबईत एका सोसायटीत माळी आहेत, तिथून मला शिकवतात.
"नर्सरीच्या जाळीला दोन दोर जास्त मार. चांगली आवळून घे."
"मागच्या खेपेला तुम्हीच आवळली होती. खांब उपटून घेऊन गेली, शाळेच्या कौलांवर जाऊन बसली."
विषय बदलून म्हणाले, "इथं बाराव्या मजल्यावरच्या मॅडमच्या कुंड्या आत घेतोय."
म्हटलं, घ्या. तुमची स्वतःची बाग बायको बघते आहेच.
फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. माणूस काळजीनेच बोलत होता. पण जाळी मी काढणार म्हणजे काढणार. वारा अडवला की तो चिडतो, जाऊ दिला की जातो.

३० मे, शुक्रवार
हिरवी जाळी उतरवली, गुंडाळून खाटेखाली. नुसते खांब उभे आहेत, लग्न उरकल्यावर मांडव दिसतो तसं ओकंबोकं दिसतंय. केळींची पानं कोयत्याने छाटली, दोन-दोन ठेवली. छाटताना जीव तुटत होता. पानं शेजारी वाटली. सगळे म्हणाले, "आज काय सण हाय गो मंदा?"

रोपं हलवायचा प्रश्न. घरात मावेनात. गुरव बाळूदादाला विचारलं, देवीच्या सभामंडपात ठेवू का? देऊळ पक्कं, वर स्लॅब, तीन बाजूंनी भिंत आणि पुढे लोखंडी दार. म्हणाला, "झाडांचा काय इटाळ! ठेव." हातगाडीवरून दिवसभर खेपा. आंबा, काजू, सुपारी, मोगरा, जास्वंद, कण्हेर. फणस सगळ्यात शेवटी. ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याला लागून ठेवले. म्हटलं, बाई, तुझ्या पायाशी ठेवलेत, लक्ष ठेव.
कंबर धरली आहे. पण काम झालं.

३१ मे, शनिवार
सकाळपासून आभाळ काळं-पिवळं. वारा नाही. हेच वाईट.
वरच्या वाडीतल्या लोकांना ग्रामपंचायतीने खाली शाळेत आणलं. सगळी आली, जनामावशी आली नाही. धनगरवाडीत एकटी राहते, लेक नालासोपाऱ्याला, इथे ती नि तिच्या शेळ्या. मला सख्ख्या मावशीहून जवळची. माझ्या बाळंतपणात शेळीचं दूध तिनेच पोचवलं होतं.

दु. ती आली. पण शेळ्यांसकट. शाळेत शेळ्या घेईनात. खरं तर तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, त्यांचंही चुकलं नाही. मावशी वळलीच.
"जाते मी वर. जितराब भायर सोडून मी आत निजू?"
"मावशी, वर गोठ्याच्या मागे केवढाली ऐनाची झाडं उभी आहेत. वेडी का तू?"
"माजं मरण माज्या शेल्यांबरूबर."
पाऊस सुरू झालेला, आणि ही बाई खरंच चालायला लागली. मी हाताला धरून देवळाकडे ओढलं. बाळूदादा दारात आडवा. शेळ्या देवळात नाय चालायच्या. माझं डोकं फिरलं. म्हटलं, नवसाला बोकड चालतो, कापायला चालतो, मग जिवंत शेळी उभी राहिली तर देवीला काय होतं? तू देवीचा गुरव की वकील? बराच वेळ तोंड चाललं माझं. शेवटी तो म्हणाला, "तूच सारवून दे नंतर." देते म्हटलं. मीच दार उघडलं, मीच एकेक शेळी आत लोटली.
रोपं एका बाजूला, मध्ये बाकं आडवी घातली, पलीकडे शेळ्या. मावशी बाकावर टेकली. म्हणाली, "आता काय बी होउंदे." मलाही तसंच वाटलं. घरी आले तोवर वाऱ्याचा आवाज सुरू झाला होता. लाइट गेली.

१ जून, रविवार
वाचलो.
वादळ वळलं. किनाऱ्याला लागलंच नाही, समुद्रातच वर सरकलं म्हणतात. आमच्याकडे त्याचा नुसता पदर लागून गेला. पहाटे थोडा वेळ वारा असा की घर हलतंय वाटलं, मग एकदम पाऊस, मग नुसती चिकचिक. एक पत्रा उचकटला. खांब सगळे जागेवर. एकही पडला नाही! ह्यांना सांगायला फोन लावला तर रेंज नाही. हा आनंद कुणाला सांगू म्हणून धावत देवळात गेले.

तिथे काय.
बाकं कलंडलेली. मावशी भिंतीला टेकून घोरत होती, बिचारी पहाटेपर्यंत जागी होती. शेळ्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी निवांत रवंथ करत बसलेल्या. आणि फणस. सातही. पान म्हणून नाही. पिशवीत नुसत्या बोटभर काड्या. फणसाचा पाला शेळीला दिसला की ती दुसरं काही बघत नाही हे मला माहीत नाही काय? लहानपणापासून माहीत आहे. माणसं, वारा, पाऊस, सगळ्याचा विचार केला. एवढाच राहिला.
जास्वंदीचे शेंडे खाल्ले. आंब्याला जरा तोंड लावून सोडलं. कण्हेरीकडे वळल्या नाहीत, शहाण्या आहेत.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. मावशी दचकून उठली, बघितलं, आणि कपाळावर हात मारून मटकन खाली बसली. "मंदे, माजा डोला लागला गो."
आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच.
सं. मंडप सारवून दिला. बाळूदादाने पाणी आणून दिलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

२ जून, सोमवार
मावशीशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. दुपारी ती शेळ्या घेऊन वर निघाली, तर गुपचूप तिच्या मागे गेलेच. चिखल, वाटेवर फांद्या.
गोठा नाही.
म्हणजे आहे, पण त्यावर ऐन आडवा. आढं मोडून खाली. जिथे शेळ्या बांधते, जिथे पावसाळ्यात ती स्वतः निजते, तिथेच बुंधा. मावशीने बुंध्याला हात लावून बघितला. मग मावशी म्हणाली, "तू नसती धरलीस तर मी हितं आसते."
मला रडू फुटलं. तिलाही. मग तिची एक पाठ, कोवळी शेळी, माझा पदर चावायला लागली, तेव्हा दोघी हसलो. मेलीचं पोट भरतच नाही.
उतरताना अंग हलकं झालं होतं. फणस गेले ते गेले. मावशी आहे.

३ जून, मंगळवार
रेंज आली. ह्यांचा पहिला प्रश्न, "खांब?"
"उभे."
"सगळे?"
"सगळे."
"तुझंच बरोबर होतं." हे वाक्य लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा ऐकलं. ते ऐकून फणसाचं सांगणार होते ते तोंडातच राहिलं. मग त्यांनीच विचारलं, "नि फणस?"
म्हटलं, "देवळात आहेत."
खोटं नाही ते. पण खरंही नाही.

५ जून, गुरुवार
नर्सरीच्या पिशव्या आणायला महाडला गेले. चवदार तळ्याच्या बाजूला एका झाडाची फांदी पडली होती ती कापत होते, बाकी बाजार नेहमीसारखा. दुकानदार म्हणाला, उगाच घाबरवलं आपल्याला. मी पिशव्या मोजून घेतल्या. ज्याच्या गोठ्यावर पडलं त्याला विचारा.
काड्या देवळातून आणून पडवीत ठेवल्या. टाकवत नाहीत. शेळीचं तोंड लागलं की झाड फुटत नाही असं इथे सगळे म्हणतात. नखाने साल जरा खरवडून बघितली. आत हिरवी आहे.

८ जून, रविवार
हे आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी पडवीत बघितलं. मला वाटलं होतं, आधी चहा देईन, मग सांगेन.
एका दमात सांगून टाकलं. मावशी, गुरव, शेळ्या, मी दार उघडलं ते, गोठ्यावरचा ऐन. ऐकून घेतलं. काडी हातात घेऊन बघत बसले. 
मावशी तेवढ्यात आलीच. अंगणातून पुढे येईना. हातात दुधाचा तांब्या.
हे म्हणाले, "ये ना मावशे. आमच्या बाबांचा फणस प्यायला तरी मिळंल."
मावशीला कळेना हसावं की रडावं. मलाही कळलं नाही. त्या दुधाचा चहा केला, तिघांनी घेतला. मग पहिल्यांदा हे त्या झाडाबद्दल बोलले. लहानपणी त्याच्या खोडावर चढून लपायचे, बाबा खाली उभे राहून मुद्दाम दुसरीकडे शोधायचे. "तोडताना बघवलं नसतं," म्हणाले. "म्हणून गेलो."
मी म्हटलं, मला माहीत होतं.

दुपारून कुदळ घेतली आणि सात खड्डे खणले. मी म्हटलं, अहो, लावणार काय त्यात? म्हणाले, "खड्डे तरी तयार असूंदेत."

१६ जून, सोमवार
दोन काड्यांना फुटवा! धावत गेले. बघते तर दोन्ही पट्टीच्या खाली. कलम जिथे बांधलं तिथे प्लास्टिकची पट्टी असते. तिच्या वर फुटलं तर सासऱ्यांचा फणस, खाली फुटलं तर नुसत्या आठळीचा, कसा निघेल देव जाणे. मावशीला समजावलं तर म्हणाली, "मंजे लेक आपला, पण तोंड शेजाऱ्याचं." अशी बाई आहे ती.
खालचे कोंब खुडून टाकले. खुडताना हात जड झाला. फुटवा तो फुटवाच की.

२३ जून, सोमवार
पट्टीच्या वर. एका काडीला. तांदळाएवढा, तांबूस. चष्मा पुसून तीनदा बघितला.
ह्यांना मुंबईला फोन. पलीकडे पाण्याची नळी चालू होती. म्हणाले, "थांब, नळ बंद करतो." मग म्हणाले, "आता परत सांग."
मावशीने करवंदीच्या काट्या तोडून आणल्या, पहिल्या खड्ड्याभोवती कुंपण घातलं. हात ओरबाडून घेतले. म्हटलं, मावशी, हे काम माझं. म्हणाली, "शेल्या माज्या हायत, कुठून घुसतात ते मलाच म्हाईत."

२७ जून, शुक्रवार
फुटलेलं कलम काल जमिनीत लावलं. कोंब आता बोटाच्या पेराएवढा. पाऊस चांगला, गुरवाने आपणहून नारळ दिला. आता दिवसाला दहादा त्या बाजूने जाते, काम नसलं तरी.
उरलेल्या सहांचं काही खरं नाही. चार काड्या अजून हिरव्या आहेत, दोघींची शंका आहे. सकाळी पडवीत बसून एकेकीला नखाने बघत होते तर मावशी मागे येऊन उभी.
"रोज रोज नख लावतेस. शेलीनं नाय मारलं ते तू मारशील गो."
ओशाळून हात पदराला पुसले. सं. पाणी घातलं तेव्हा नख लावलं नाही. लांबूनच बघितलं.