सौ.चा अभ्यासक्रम

१८ ऑगस्ट १९९६. भोकरदन.
आज सौ.चं वेळापत्रक पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं. अक्षर झकास आलं आहे.
गेल्या महिन्यात तिला लकव्याचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेली. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, वाचा हळूहळू येईल, तुम्ही फक्त त्यांच्याशी बोलत राहा. डॉक्टर सज्जन आहेत, पण शिकवणं हा त्यांचा धंदा नाही. नुसतं बोलून कोणी शिकतं का? मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आहे.
माझा सिद्धांत असा. भाषा, गणित आणि संगीत या तीन शक्ती माणूस जन्मताच घेऊन येतो. मग तो जगाच्या पाठीवर कुठलाही असो. तीन खोल्यांचं घर समजा. एका खोलीला आतून कडी लागली, तर शेजारच्या खोलीतून शिरायचं. यावर पुढे निबंध लिहिणार आहे.
ध्येय: दसऱ्यापर्यंत सौ.ने मला एक हाक मारावी. 'अहो, ऐकलं का' एवढी झाली तरी पुरे. घर फार शांत झालं आहे. अभ्यासाला शांतता चांगलीच म्हणा.

१९ ऑगस्ट. सकाळी ७.
भाषा. प्रश्न पहिला, सगळ्यात सोपा: माझं नाव काय?
सौ.ने मान खाली घातली. पाच मिनिटं दिली. उत्तर नाही. गुण शून्य.
पहिला दिवस आहे.

२३ ऑगस्ट.
गणित. दोनाचा पाढा म्हणायला सांगितला. सौ.ने डाव्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजली आणि माझ्याकडे बघितलं. परत मोजली. म्हटलं, तोंडी परीक्षेत बोटं चालत नाहीत. शून्य.
भाषेचा तोच प्रश्न, तेच उत्तर. म्हणजे उत्तर नाही.

२७ ऑगस्ट.
संगीत सुरू केलं. सौ.चा या विषयाचा पाया कच्चा आहे. लग्न होऊन आली तेव्हा सारखी काही ना काही गुणगुणायची. पण मी पेपर तपासायला बसलो की घरात आवाज नको, हा नियम मी पहिल्याच वर्षी घातला होता. तिनेही कटाक्षाने पाळला. शिस्त होती घराला. त्यामुळे सराव राहिला नाही.
मीच शाळेची प्रार्थना म्हणून दाखवली. सौ.ने पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. गहिवरली असावी. संगीताची ताकद!

५ सप्टेंबर. शिक्षक दिन.
मुलाचं, साहेबरावचं, पत्र आलं. तो अंकुशनगरला साखर कारखान्यात आहे. लिहितो की आईला इकडे घेऊन येतो, सूनबाई बघेल, तुम्हाला एकट्याला झेपत नाही. मला झेपत नाही! साठ-साठ पोरांचा वर्ग झेपला तो? उलटटपाली कळवलं: दसऱ्यापर्यंत थांब. दसऱ्याला तुझ्यासमोर परीक्षा घेतो. पास झाली तर इथेच राहील.
सौ.ला ही तारीख सांगितली. तिने माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण डाव्या हाताने दाखवलं. लक्ष अभ्यासात नाही.

१४ सप्टेंबर.
शेजारच्या सगुणाबाई रोज दुपारी येतात. घरी अजून जातं आहे. त्यावर डाळ भरडतात. खुंट्यावर एक हात त्यांचा, दुसरा सौ.चा डावा. व्यायाम म्हणून मी परवानगी दिली होती.
आज वाचनालयातून लवकर परतलो. फाटकापाशी आलो तर आतून गाण्याचा आवाज. दोन आवाज वाटले. घुमतं फार आमच्या स्वयंपाकघरात. मी खोकलो आणि आत गेलो. गाणं बंद. सौ. डाळीकडे बघत होती.
सगुणाबाईंना समजावलं की अभ्यास चालू असताना गलका करू नये, मुळाक्षरं विसरतात. त्या म्हणाल्या, मास्तर, तुम्ही वाचनालयातच बसत जा ना वाईच जास्त वेळ, आमचं बराबर चालून राह्यलंय. अडाणी बाई. पण मनाने चांगली. तिची वेळ दोन ते चार ठरवून दिली. त्या वेळात मी बाहेर.

२९ सप्टेंबर.
राधेश्याम किराणावाल्याकडून टेप आणि भजनाची कॅसेट आणली. अर्धा तास लावली. सौ. झोपली.
गुण: भाषा ०, गणित ०, संगीत ०. एकूण टक्के काढायची गरज पडली नाही.

८ ऑक्टोबर.
आज रागावलो. रागावायला नको होतं. म्हटलं, एक नाव येत नाही? पाच अक्षरं! छत्तीस वर्षं ज्याच्या घरात राहिलीस त्याचं? सौ.चे डोळे भरले. ओठ हलले आणि मिटले. तिने डाव्या हाताने माझा हात धरला. मी सोडवून घेतला, कारण हातात खडू होता.
जेवलो नाही. ती पण नाही.

१५ ऑक्टोबर.
युक्ती सुचली. पहिलं अक्षर मी सांगायचं, पुढचं तिने. 'भु' म्हटलं. सौ.ने कानावर पदर घेतला. विषयाची भीतीच बसली आहे. काही विद्यार्थ्यांचं असं होतं. दोष शिक्षकाचा नसतो.

२२ ऑक्टोबर. दसऱ्याचा दुसरा दिवस.
काल परीक्षा झाली. साहेबराव, सूनबाई, त्यांच्याबरोबर आलेले व्याही आणि सगुणाबाई, सगळे बसले होते. मी धुतलेलं धोतर नेसलो. विचारलं, माझं नाव काय?
सौ.ने सगळ्यांकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.
आज सकाळच्या गाडीने तिला नेलं. गाडीत चढवताना तिचा डावा हात माझ्या बाहीत अडकला होता. साहेबरावने सोडवला.
स्टँडवरून परतताना सगुणाबाई रडत होत्या. म्हणाल्या, मास्तर, तुम्ही एवढे शिकलेले, आन् तुम्हाला इतकं कळंना? जे नाव तिनं जलमात एकदा मोकळ्या तोंडानं घेतलं न्हाई, ते व्याह्यासमोर कसं घेईल ती? झटका आल्ता म्हणून काय लाज गेल्ती का तिची?
मी म्हटलं, पण तिला बोलताच येत नव्हतं.
त्या म्हणाल्या, बोलता न्हाई, पण गाता येतंय की. महिना झाला. जात्यावर बसली की शब्द न् शब्द निघतो. आन् ओवीत नाव घ्यायला मना न्हाई. रोज घेत होती तुमचं. आम्ही म्हणलं, मास्तरला सांगू? तर हातानं न्हाई म्हणायची. पेपर तपासल्यावानी हात करून दाखवायची.
घरी येऊन वेळापत्रक काढायला गेलो. खळ घट्ट लावली होती. निम्मंच निघालं.

२४ ऑक्टोबर.
बटण स्वतः लावलं. उलट्या बाजूने लागलं.

३० ऑक्टोबर.
जात्याजवळ बसून बघितलं. एकट्याने ओढलं. आवाज होतो नुसता घरघर. तिची एखादी ओवी आठवते का बघितलं. छत्तीस वर्षांतली एक. आठवली नाही. ऐकलीच नव्हती तर आठवणार कुठून. माणसाच्या जन्मजात शक्तींत कान धरायचे राहिले. निबंध तूर्त बाजूला.

९ नोव्हेंबर. अंकुशनगर.
दिवाळीला आलो. साहेबरावला म्हटलं, सहज आलो, दोन दिवसांनी जाईन. पिशवीत कपडे महिन्याचे आहेत.
दुपारी क्वार्टरबाहेर पायरीवर बसलो होतो. चपला काढून, आवाज न करता. आत सूनबाई आणि सौ. धान्य निवडत होत्या. आधी सूनबाईचा आवाज आला, मग तिचा. जडच होता, पण शब्द स्वच्छ होते:

शाळेच्या वाटंला गं, न्हाई झाडाचा आसरा
भुजंगरावाच्या डोईवर, सावली धर रे लिंबारा

शाळेचा तो रस्ता खरंच उन्हाचा होता. मी तिला कधी बोललो नव्हतो तसं. तिला कसं कळलं?
मला राहवलं नाही. तसाच उठून आत गेलो. म्हणणार होतो, पुन्हा म्हण.
सौ.ने मला बघितलं. लगेच थांबली. सूनबाईलाही बोट ओठावर ठेवून गप्प केलं आणि माझ्यासाठी पाट सरकवला. नियम अजून पाळते आहे.
मी काय म्हणणार होतो ते तोंडातून निघालं नाही. चार अक्षरंही नाहीत. पाणी प्यायलो आणि बाहेर येऊन बसलो.
तिला सांगायचं आहे की आता पेपर नाहीत. पण भाषा हा विषय माझ्याकडे कधीच नव्हता.

१० नोव्हेंबर. दुपारी २.
पायरीवरच आहे. आत धान्य निवडताहेत. अजून सुरू झालं नाही.
खोकला येतोय. दाबून धरला आहे.