फळ्यावरचा ईश्वर

३ जानेवारी १९८३

शेवटचा हप्ता भरला. कर्ज छापखान्यातल्या सोबत्याचं, भोजराजचं; जामीन मी. तो भिलाईला गेला तो गेलाच – आणि पतसंस्थेच्या ओसरीतल्या फळ्यावर थकबाकीदार म्हणून नाव लागलं माझं. 'ईश्वर'. जाता-येता लोक वाचतात. देव थकल्याची जाहीर नोंद अख्ख्या भंडाऱ्यात एवढीच!

सचिव केवळराम गोड हसला. म्हणाला, काळजी नका करू ईश्वरभाऊ, तुमचं नाव मी काढतो. कोणत्या अर्थानं, ते विचारायचं राहिलं. हसणारा सचिव मी आजवर पाहिलेला नाही. याला काय पाहिजे?

११ जानेवारी

नाव काढलं नाही. वरून काळा रंग फासलाय. सकाळचं ऊन पडलं की खालून ईश्वर वर येतो. रंगारी म्हणतो, आणखी एक हात मारावा लागेल. मला तो मुद्दाम शिल्लक ठेवलेला हात वाटतो. साप्ताहिकातल्या माझ्या सदरात या संस्थेला 'उधारीचं देऊळ' म्हटलं होतं – ते संचालक विसरले असतील होय?

१४ जानेवारी

वाण्यानं तीळ उधार दिले, गूळ मात्र रोख. गोड बोलायलाही पत लागते.

२० जानेवारी

उषाचं अवघड झालं. नवरा वारल्यापासून माझी ही धाकटी बहीण शहापूर सोडून आमच्याकडेच आहे. शेजारच्या मंदाबाईंच्या मशीनवर शिवणं करते, त्यावरच तिची मान ताठ. आता मंदाबाईंची बदली गोंदियाला. मार्चमध्ये बाई जाणार, मशीनही जाणार.

नव्या मशीनला संस्था कर्ज देईल, पण जामीनदार पाहिजे. फळ्यावरचा चालत नाही. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला गळ घालतो. तर म्हणाली, "सही तुझीच पाहिजे, दादा. मले बाहेरच्याचे उपकार नको."

म्हणजे माझं नाव पुसलं जाईपर्यंत तिचं मशीन अडलं. आणि पुसणं त्या केवळरामच्या हाती.

२ फेब्रुवारी

केवळराम घरी! सदरा शिवायचाय म्हणे. बगलेत कापड, मापाला जुना सदरा. बसला तो बसलाच. नजर घरभर फिरत होती – भिंतीवरचं घड्याळ, पितळी घागर, रेडिओ. जप्तीत काय काय निघेल याचा अंदाज घेत असणार. निर्मलेनं त्याला चहा दिला, वर पोहे. बायको माझी, पक्ष त्याचा!

१६ फेब्रुवारी

तिसरा सदरा. एवढ्याशा अंगाला!

२३ फेब्रुवारी

पकडला!

संस्थेच्या ओसरीत पाय ठेवणार, तो आतून केवळरामचा आवाज. अध्यक्ष दादाजींना सांगत होता, "मी सांगून राहिलो ना, ईश्वरभाऊ आता एकदम चालू हाये." दादाजी म्हणाले, मंग तसं लिहून टाका.

चालू! मी! जन्मभर छापखान्यात लोकांच्या शब्दांतल्या चुका काढल्या, आणि माझ्यासाठी यांना हाच शब्द सापडला. वर लेखी नोंद! तसाच मागे फिरलो.

संध्याकाळी साहेब चौथं कापड घेऊन दारात. म्हटलं, चालू माणसाच्या घरी कशाला येता? सदरे दुसरीकडे शिवा.  तो कापड ओट्यावर ठेवून निघून गेला.

२५ फेब्रुवारी

दोन दिवस उषा फुगून आहे. आज वरणात मीठ दोनदा. निर्मला भांडी आपटते. शेवटी ताट उचलता उचलता उषा म्हणाली, "दादा, ज्याची थकबाकी नाही त्याले संस्थेत चालू म्हणतेत. फळ्यावरून उतरला तो चालू. एवढंबी माहीत नाही तुले, अन् दुसऱ्यायच्या चुका काढत बसतोस."



पण तुला गं कसं माहीत? ती शिवायला बसली, दातानं दोरा तोडला.

२६ फेब्रुवारी

फळा पाहून आलो. नाव खरवडून काढलंय, खालचं लाकूड दिसतं. रंगाऱ्याला म्हटलं, छान केलंस. तो म्हणाला, मी नाही केलं, सचिवसाहेब सोताच काचकागद घेऊन घासत होते.

उषाच्या अर्जावर जामीनदार म्हणून सही केली. केवळरामनं मान वर न करता शिक्का मारला. मी माफीचं काहीतरी पुटपुटायला लागलो, तर म्हणाला, "पुढचा कोण हाये?"

माणूस चांगला असेल. पण एवढा चांगला? याच्या मनात काहीतरी आहे. मी काही चुकत नाही.

१३ मार्च

केवळराम आला. सोबत कारध्याची त्याची थोरली बहीण, गोदावरीबाई. त्याच्या अंगात ते चौथं कापड – शिवून कधी झालं, देव जाणे. या ईश्वराला तरी पत्ता नाही. गोदावरीबाईंनी आडपडदा ठेवला नाही. याची बायको जाऊन पाच वर्षं झाली, उषाशी पाट लावायचा म्हणतो, तुमचं काय म्हणणं?

सवयीनं तोंडून गेलं, "जामीन कोण?"

आत नवं मशीन थांबलं.

"तूच ना, दादा. आता चालू हायेस ना!"