घेवड्याच्या पहिल्या शेंगा

प्रिय बाबा,

इकडे रेजायनात मी बरी आहे. बेकरीत उन्हाळ्याची गर्दी आहे, तरी कामावरून आले की परसातल्या वाफ्याला पाणी घालतेच. आईने जाण्याआधी पुडीत बांधून दिलेला घेवडा मी इथे लावला. काल पहिल्या शेंगा तोडताना मला रडू आवरेना. घरमालकीण व्हर्ना म्हणाली, "अगं, शेंगा खायच्या असतात, त्यांच्यावर रडायचं नसतं!" मग तीही शेजारी बसून रडली.

तुम्ही वेळेवर जेवता ना? आपल्या बागेत गवत माजलंय, असं इडाकाकूंनी कळवलं. राहू द्या, बाबा. आईशिवाय त्या बागेत एकटीने पाऊल टाकणं मलाही जमलं नसतं. सप्टेंबरात येते, मग दोघं मिळून जाऊ.

सदैव तुमचीच,
विनी