कच्च्या रंगाचा कोंबडा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत उत्तम आहे (खोकला सोडून, आणि झोप सोडून). प्रदर्शनातली हकिकत तुझ्या कानावर आली असेलच. आपल्या नातेवाइकांत अशा बातम्यांना पाय नाही, पंख फुटतात. तरी खरं काय घडलं ते माझ्याकडूनच ऐक.

निळसर-राखाडी कोंबड्यांचा नाद मूळचा तुझ्या भावजयीचा. अंगणातलं अख्खं खुराडं त्या एका रंगाचं करायचं, एवढीच तिची हौस. ती गेल्यावर मी ठरवलं, हे आपण पुरं करायचं. चाळीस वर्षं कापड रंगवलं, पिसं ती काय! पण ताई, कापड रंगाऱ्याचं ऐकतं, पिसं आपल्या आजा-पणज्यांचंच ऐकतात. निळ्या कोंबड्याला निळी कोंबडी दिली, तर बारा पिल्लांत निळी सहाच. तीन काळी कुळकुळीत, आणि तीन पांढरी, वर शाई शिंपडल्यासारखी. पुढच्या खेपेलाही तेच. शेवटी शेजारचे मास्तर म्हणाले, "अहो, हा रंगच तसा. निळ्या जोडीची सगळी पिल्लं निळी कधीच निघत नाहीत." (हे त्यांना हिनेच सांगितलं होतं म्हणे. मला तेवढं सांगायचं राहिलं.)

मग निदान एक तरी बिनचूक पक्षी तिच्या नावाने प्रदर्शनात ठेवावा, म्हणून सर्वांत देखणा कोंबडा निवडला. मानेवर दोन पिसं तेवढी तांबूस. उपटावीत तर टक्कल दिसणार. हात शिवशिवले. जुन्या डब्यातला रंग कालवला आणि दोन्ही पिसं रंगवली. परीक्षक बाई वयस्कर, शांत. त्यांनी ओला रुमाल मानेवरून फिरवला. रुमाल निळा झाला. नेमका तेव्हाच कोंबडा आरवला.

"कोणी रंगवला?"

"मी."

"काय करता आपण?"

"रंगारी होतो. चाळीस वर्षं."

बाईंनी रुमाल उलटसुलट करून पाहिला. "रंग पक्का नाही."

ताई, कोंबडा बाद झाला त्याचं काही नाही, पण हे वाक्य जिव्हारी लागलं. तिथेच खुर्चीत बसलो आणि साठी उलटलेला मी भोकाड पसरून रडलो. लोकांना वाटलं, बक्षीस हुकलं म्हणून. ही गेली तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, आणि तू मला दगड म्हणाली होतीस. बाईंनी डोळे पुसायला तोच रुमाल दिला. त्यामुळे बक्षीस समारंभाच्या फोटोत मागच्या रांगेत निळ्या तोंडाचा माणूस दिसेल, तो मी.

असो. हा नाद आता बंद. सगळ्या कोंबड्या वाटून टाकतो आहे.

तुझा,
धाकटा

ता.क. काळ्या कोणी घेत नाही. पांढऱ्या मलाच देववत नाहीत. निळ्यांचा तर प्रश्नच येत नाही.

आणखी एक ता.क. मागे तू राहायला येते म्हणालीस, तेव्हा मी नको म्हटलं होतं. आता ये. माझं काही नाही, पण एक खुडूक कोंबडी कालपासून अंड्यांवर बसली आहे, आणि एकवीस दिवस एकट्याने वाट बघणं मला जमायचं नाही.