कटसीनमधली आई

केडगाव,
१२ जानेवारी २०२६

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे. वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर रोज अंगात असतो. आप्पा श्रीगोंद्यालाच आहेत. ऊसतोड चालू आहे, त्यामुळे फोनवर धड बोलत नाहीत. तू तर फोन उचलतच नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून कागद घेतला.

आपल्या गेमच्या सुरुवातीचा कटसीन, खेळाआधीची ती छोटी फिल्म, सुधारून सोबत पेनड्राइव्हमध्ये पाठवतेय. गेमला पैसे लावणाऱ्या पुण्याच्या साहेबांनी सांगितला तसा नाही. आई आगीत मरते, पोरगी किंचाळते आणि सूड घ्यायला निघते, हे सगळं मी काढून टाकलंय. "आई मेल्याशिवाय गेमला जोर येत नाही," म्हणालास ना? मग ऐक. जुना कटसीन मी इथल्या कॉलेजच्या पोरांना दाखवला. आईने पोरीला जवळ घेतलं रे घेतलं, की सगळे स्किप दाबतात! ती मरणार हे त्यांना तिथेच कळतं.

नव्यात ती मरत नाही. भर दुपारी घर सोडून जाते. पोरगी उंबऱ्यात उभी राहून विचारते, "कुठं चाललीस?" आई चालत राहते आणि तिथून खेळ सुरू होतो. आईला शोधायचं. हा पाहताना एकानेही स्किप दाबलं नाही.

आईचा आवाज कुणी दिला, हे तू विचारशीलच. आईनेच दिलाय. आपल्या.

हो, मी राजूरला जाते. बाजारात तिची छोटी खानावळ आहे. तिला कटसीन दाखवला तर म्हणाली, "ही येवढी रडती कशाला? मी न्हाई रडले. आदी ग्यास बंद केला, पिठाची परात झाकली, मग चप्पल घातली." तसंच केलंय. गालावरचा वळ दाखवू का, असं मी भीत भीत विचारलं. "दाखव की. त्यात माजी कसली लाज?"

आप्पांचा हात तिच्यावर उठायचा, हे तुलाही माहीत होतं, दादा. तरी लोक काय म्हणतील म्हणून तू तुझ्या लग्नपत्रिकेत तिच्या नावाआधी 'कै.' छापलंस. मी छापखान्यात भांडायला गेले, तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या. एक राजूरलाही पोचली. आईने ती खानावळीच्या भिंतीवर चिकटवलीय. नवं गिऱ्हाईक आलं की बोट दाखवून सांगते, "मेलेल्या बाईच्या हातची भाकर खाताय तुमी. पोटभर खावा." सगळे हसतात, तीही हसते. मी मात्र पत्रिकेकडे पाठ करून बसते.

सोमवारी साहेबांना दाखवायचा तर हाच दाखव. नको म्हणाले तर गेम राहू दे. चित्रं माझी आहेत, ती मी देणार नाही. आपली दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली तरी चालेल. कागदावर तू तिला एकदा मारलंस, पडद्यावर मी मारू देणार नाही.

आणि साहेबांच्या आधी हा कटसीन वहिनीला दाखव. हा आवाज कुणाचा, ते तिला तूच सांग. रविवारपर्यंत सांगितलं नाहीस, तर मी आईला घेऊन तुझ्या दारात उभी राहीन.

तुझ्यासारखंच जिवंत आईचं लेकरू,
सृष्टी